हालिमाचं मधलं नाव

“मुलानी है ना तू? तो पहले ये मुर्गियां काट दे. फाइल बाद में देखते हैं.”

असं साहेब बोलले. वलवणच्या बंगल्यात, मागच्या अंगणात, गॅसच्या टाक्या ठेवतात तिथं आम्ही दोघं उभे होतो. फाइल माझ्या नवऱ्याच्या, दिलावरच्या हातात होती. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली फरशीकडं बघितलं. मग त्यानं फाइल माझ्याकडं दिली, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि स्वयंपाकाच्या बाईकडं सुरी मागितली.

आम्ही कोंबड्या कापायला गेलो नव्हतो. आम्ही आमची पोरगी मागायला गेलो होतो.

हालिमा तिचं नाव. समुद्रापलीकडं एका मुसलमानी देशात अनाथ पोरांच्या घरात आहे ती. तिथल्या न्यायाधीशानं ती आमच्या पदरात घातली. आपल्या देशानं तिला आत घेतलं नाही. परदेशातनं पोर आणायचं तर ज्या खात्याची मंजुरी लागते, त्या खात्यातले हे साहेब. बंगला त्यांचा नाही, मॅडमचा. मॅडम पुण्यात निराधार मुलांची संस्था चालवतात आणि साहेब त्यांचे पाहुणे. घरच्यांना भुशीचं धरण दाखवायला आले होते. “शनिवारी बंगल्यावर या, निवांत बोलू,” असा मॅडमचा निरोप होता. मी पहाटे उठून डोक्यावरनं अंघोळ केली. सणाची साडी नेसले. दिलावरनं दाढी कोरून घेतली. निवांत बोलणार होते ना आमच्याशी.

दिलावर काम सफाईनं करतो. बिस्मिल्ला म्हणत त्यानं एकेक कोंबडी हलाल केली, सोलली, पातेल्यात ठेवली. हात धुवायला नळाकडं गेला तर बाई म्हणाली, “त्यो नळ नगं दादा, प्यायच्या पाण्याचा हाय. तकडं पाइप हाय बघा.” पाइपाला पाणी नव्हतं. तेवढ्यात पुढनं हाक आली. तो तसाच गेला, हात पाठीमागं धरून.

व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, मक्याची भजी, चहा. मी फाइल टेबलावर ठेवली. साहेब म्हणाले, “दिखा, ऑर्डर कहां है.” दिलावरला सवय, तो पान उलटायला पुढं झाला आणि त्याचा हात सगळ्यांना दिसला. बोटांच्या बेचक्यात रक्त.

साहेब मॅडमकडं वळून मराठीत म्हणाले, “बघा. या हातात पोरगी द्या म्हणतात.”

मॅडम हसल्या. खुर्च्यांवरची सगळी हसली. साहेबांची लहान मुलगी होती तिथं, ती पण हसली. तिला काही कळलं नसेल, मोठी हसतात म्हणून हसली असेल. मला तेव्हा राग आला नाही, खरं सांगते. लाज वाटली. आपलीच. राग मागनं आला, आणि आला तो काही गेला नाही.

आमचं घर तिकोणा पेठेत, किल्ल्याच्या पायथ्याला. गावात मुलाण्याचं घर एकच. जत्रेत भैरवनाथाच्या बोकडाला मुलाण्याशिवाय सुरी लागत नाही. पाटलापासनं पुजाऱ्यापर्यंत सगळे खोळंबून राहतात, मुलाणी आला का, मुलाणी कुटं राह्यला. दिलावरच्या बापानं ते केलं, त्याच्या बापानं केलं. कापायचं, आपला वाटा घ्यायचा आणि मांडवात पंगतीला बसून जेवायचं. कुणी म्हणेल, अगं पण काम तर तेच ना, मग बंगल्यात एवढं काय झोंबलं? काम तेच. पण गावात बोलावून नेतात, आणि काम झालं की हात धुवायला तांब्या पुढं करतात.

घरात आम्ही मराठी बोलतो. नमाजापुरती अरबी, तीही पाठ केलेली. साहेबांना मराठी चांगलं येत होतं, मॅडमशी तेच बोलत होते. आमच्यासाठी तेवढं हिंदी ठेवणीतलं काढलेलं. ते हिंदीत विचारायचे, आम्ही मराठीत सांगायचो. ते परत हिंदीत. म्हणजे आम्ही जे बोलतोय ते त्यांच्या कानात जातच नव्हतं.

मी अंगणवाडी सेविका. गावातली आता कॉलेजात जाणारी पोरंसुद्धा माझ्या हाताखालनं गेली. त्यांची शेंबडं पुसली, वजनं केली, खिचडी भरवली. मला मूल नाही. दवाखाने झाले, दर्गे झाले, सासूच्या हट्टापायी डोंगरावरच्या वाघजाईलाही जाऊन आले. बायका तोंडावर म्हणायच्या, “तुला काय कमी, गावची पोरं तुझीच की.” आणि डोहाळजेवणात ओटी भरायची वेळ आली की माझ्याकडं कुणी बघायचं नाही. मी आपणहून उठून चुलीकडं जायचे. भात उतरवते म्हणून. कितीदा भात उतरवला असेल मी.

दिलावर घाटातल्या रस्त्याच्या कामावर रोलर चालवायला शिकला. त्याच कामावरनं एका कंपनीनं त्याला परदेशात नेलं. तिथं यूसुफ नावाचा तिथलाच एक मजूर त्याच्याबरोबर होता. तो लाल फडकं घेऊन गाड्या थांबवायचा. बोली एकमेकांची येत नव्हती, पण डबा एकत्र खायचे. यूसुफची बायको बाळंतपणात गेली. तान्ही पोर मागं. वर्षभरानं रस्त्याचा भराव खचला आणि यूसुफ त्याच्याखाली गेला. दिलावरनं स्वतः माती उपसली. त्यावर बोलायला लागला की उठून बाहेर जातो.

पोरीला अनाथघरात नेलं. दिलावर दर शुक्रवारी सुट्टीला तिकडं जायचा, केळी घेऊन, बिस्किटं घेऊन. मला फोनवर दाखवायचा. “बघ की, हसती कशी.” ती मला बघून टाळ्या वाजवायची. मग मीही शुक्रवारी अंगणवाडी सुटल्यावर फोन हातात धरूनच बसायला लागले.

एके दिवशी अनाथघराच्या मोठ्या बाईंनी त्याला विचारलं, तुम्ही मुसलमान आहात, लग्न झालंय, मूल नाही, मग हिला घेता का? दिलावरनं मला फोन केला तेव्हा त्याला धड बोलताही येईना. “आगं, देत्याल म्हणत्यात,” एवढंच म्हणत राहिला. मी हातातला खिचडीचा डाव खाली टाकला आणि पोरांसमोर रडले. पोरं घाबरली. एकानं येऊन माझ्या तोंडात स्वतःचा खाऊ घातला.

मग पासपोर्ट, पोलीस चौकशी, दाखले. नाकी नऊ आले. शेजारचे आबा, भातखाचरं असलेले जुने शेतकरी, दिलावरच्या बापाचे जोडीदार, ते माझ्याबरोबर प्रत्येक कचेरीत आले. मी तिकडं जायला निघताना त्यांनी इंद्रायणी तांदळाचं गाठोडं हातात दिलं. म्हणाले, “पोरीला मऊ भात घाल पयला. तितलं काय खायला घालत्यात कुणाला ठावं.”

तिथल्या कोर्टात आम्ही दोघं न्यायाधीशासमोर उभे राहिलो. कंपनीतला एक माणूस समजावून सांगत होता. त्या देशात दत्तक नाही. धर्मानं नाही म्हणून कायद्यानंही नाही. त्याऐवजी कफाला आहे. म्हणजे पोर सांभाळा, खाऊ घाला, शिकवा, लग्न लावून द्या. पण तिचा बाप तो तिचा बाप. मेला तरी बाप. त्याचं नाव पुसायचं नाही. तुम्ही तिचे पालक, जन्मदाते नाही. कबूल?

कबूल म्हणालो. त्यानं विहिरीत उडी मारता का विचारलं असतं तरी मी कबूल म्हणाले असते. पोरगी माझ्या मांडीवर होती आणि माझ्या बांगड्या मोजल्यासारखं करत होती.

आम्ही एक खोली घेतली. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस विचाराल तर तेच. मऊ भात, वर तूप. पहिल्या दिवशी थुंकली, दुसऱ्या दिवशी ताटलीच ओढून घेतली. झोपताना माझी काळी पोत मुठीत धरायची. हळूच सोडवायला गेलं की डोळे उघडायची. पाणी, भात, माऊ, ये, असे शब्द शिकली. सगळ्यात आवडता शब्द नको. अंघोळ? नको. झोप? नको. खाऊ? नको, आणि हात पुढं. दिलावर हसून हसून लोळायचा. आई म्हणायला मी शिकवलं नाही. मला भीती वाटत होती. एक दिवस तिनं फोनवर माझी माझ्या आईशी चाललेली बडबड ऐकली आणि मला हाक मारली, आई. मी मोरीत जाऊन बसले थोडा वेळ.

राहिलं होतं ते तिला घेऊन येणं. पासपोर्ट तिचा तिथला, तेव्हा आपल्या देशाचा व्हिसा लागणार. आपल्या देशाच्या तिथल्या कचेरीत गेलो. काचेमागनं एका पोरानं फॉर्म दिला. मुलीचं पूर्ण नाव.

इतकी वर्षं मी पोरांची नावं लिहितेय. हजेरीपटात, लसीच्या कार्डावर, वजनाच्या तक्त्यात. पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव. आपल्याकडं पोर जन्मलं की बापाचं नाव त्याच्या नावाला चिकटतंच. मधली जागा मोकळी सोडली तर शाळा फॉर्म परत पाठवते. आणि ज्या पोराची मधली जागा मोकळी असते त्याच्याकडं सगळं गाव कसं बघतं तेही मी बघितलंय. माझा हात आपोआप चालला. हालिमा दिलावर मुलाणी. बापाचं नाव, दिलावर. नातं, दत्तक मुलगी. आपल्याकडं दुसऱ्याचं पोर मांडीवर घेतलं की त्याला दत्तकच म्हणतात, दुसरा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता.

दिलावर माझ्या खांद्यावरनं बघत होता. वाचून म्हणाला, “लय ब्येस दिसतंय गं.” त्याचे डोळे भरले होते. यूसुफचं नाव आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. न्यायाधीशानं सांगितलेलं आम्ही विसरलो नव्हतो, पण ते आम्हाला मोठ्या गोष्टींसाठी वाटलं होतं, जमीनजुमला, वारसा असल्या. अंगणवाडीच्या पटावर लिहितो त्या नावाशी त्याचा काही संबंध असेल असं आमच्या टाळक्यातच शिरलं नाही.

काही दिवसांनी बोलावणं आलं. काचेमागं आता दुसरा माणूस. म्हणाला, एक तर हा दत्तकाचा हुकूमच नाही, हा नुसता पालकत्वाचा आहे. आपल्या नियमात परदेशातलं मूल आणायला तिथल्या कोर्टाचा दत्तकाचा हुकूम लागतो, आणि इथल्या खात्याची मंजुरी.

मी म्हणाले, “पण इथं दत्तक देतच नाहीत. तो कायदाच नाही इथं.”

“हां तो?”

“मग इथलं पोर आम्हाला कधी मिळणारच नाही का?”

“मॅडम, मैं रूल बता रहा हूं.”

आणि वर दुसरं. पासपोर्टात बाप यूसुफ, फॉर्मात बाप दिलावर. म्हणजे खोटी माहिती. खोटी माहिती देऊन मूल देशाबाहेर काढायचा प्रयत्न. त्यानं ते शब्द असे उच्चारले की माझ्या कडेवरच्या पोरीला मी दोन्ही हातांनी धरलं. मला चोर म्हटलेलं तिनं ऐकू नये असं वाटलं, जशी काही तिला भाषा कळत होती.

तिथनं अनाथघराला पत्र गेलं. मोठ्या बाईंनी आम्हाला बोलावलं. त्या आमच्याशी नेहमी गोड बोलायच्या. त्या दिवशी बसासुद्धा म्हणाल्या नाहीत. मेलेल्या बापाचं नाव पुसलंत तुम्ही, एवढंच बोलल्या. दिलावर त्यांच्या पाया पडला. यूसुफ माझा दोस्त होता म्हणाला, त्याची माती मी उपसलीय म्हणाला. मराठीत. त्यांना काय कळणार. कोर्टानं पोरीला देशाबाहेर न्यायची परवानगी थांबवली. त्याच सुमाराला कंपनीचं काम आटोपलं. मजुराच्या बायकोला तिथं राहता येत नाही, आणि काम नसलेल्या मजुरालाही नाही. राहता आलं असतं तर मी तिथं धुणीभांडी करत राहिले असते. लोकांना हे कळत नाही, म्हणून सांगते.

तिला परत द्यायला आम्ही गेलो. फाटकात सांभाळणारी बाई उभी होती. मी हालिमाला खाली ठेवलं तर तिनं माझी पोत धरली. बाईनं बोटं सोडवली, एकेक. हालिमा रडली नाही लवकर. माझ्याकडं बघून म्हणाली, “नको.” मग जरा मोठ्यानं, “आई, नको.”

मी शिकवलेलाच शब्द. त्या फाटकात तो कळणारी माणसं आम्ही दोघंच होतो.

गावी आल्यावर मी अंगणवाडीत जायचे आणि हजेरी घेताना अडायचे. प्रत्येक नावाच्या मधे एक बाप. बायका म्हणाल्या, “देवानंच दिलं न्हवतं, त्याला कोण काय करणार.” देवानं नाही दिलं तेव्हा मी गप्प होते. पण हालिमाला तर दिलं होतं. हिसकावलं ते माणसांनी, शिक्के मारून.

आबाच म्हणाले, “वलवनच्या मॅडमकडं मी तांदूळ पोचिवतो. पोरांचंच काम करती बाई. तिच्या कानावर घालतो.” त्यांनी घातलं. म्हणून तो शनिवार, तो व्हरांडा आणि त्या कोंबड्या.

हसणं थांबल्यावर साहेबांनी फाइल चाळली. चाळली म्हणजे भज्याच्या तेलकट बोटानं दोनतीन पानं उलटली. मग म्हणाले, “हाथ का छोड के भागते के पीछे क्यूं?” आपली म्हणसुद्धा हिंदी करून ऐकवली आम्हाला.

मॅडम मात्र मराठीत बोलल्या, अगदी प्रेमानं. “अगं, तुला मूलच हवंय ना? मग इथं काय कमी आहेत का? मी स्वतः शब्द टाकते तुझ्यासाठी. लवकर नंबर लावून देते. फक्त ही जुनी भानगड मिटवून टाका.”

भानगड मिटवायचा कागद तयारच होता. मॅडमनी माझ्यासमोर सरकवला. मी वाचला. आम्ही जाणूनबुजून खोटी माहिती दिली. आम्हाला पश्चात्ताप आहे. सदर मुलीवर आमचा कसलाही हक्क नाही आणि यापुढं तिच्यासाठी कुठंही अर्ज करणार नाही. खाली दोघांची नावं, सह्यांची जागा.

“सही कर दो,” साहेब म्हणाले. “नहीं तो रिमार्क रहेगा. फिर इधर का बच्चा भी नहीं मिलेगा.” आणि चहाचा कप उचलता उचलता, सहज, माशी हाकलावी तसं, “इतना ही प्यार है तो वहीं जाके रहो ना. तुम्हारा ही तो मुल्क है वो.”

दिलावरनं पेन उचललं. मी त्याला दोष देत नाही. त्याला दुसरं मूल तरी मिळेल असं दिसत होतं. त्याचा हात कागदावर टेकला आणि कोपऱ्याला लाल डाग पडला. साहेबांनी नाक मुरडलं. “अरे, पेपर खराब मत कर.”

तो डाग बघितला आणि माझं डोकं फिरलं. यांच्या ताटात पडणार त्या कोंबड्यांचं रक्त, आणि यांनाच त्याची घाण. ती कापायला सांगताना नव्हती वाटत.

मी म्हणाले, “साहेब, मराठीत बोला. येतं तुम्हाला.”

साहेबांनी कप खाली ठेवला.

“माझा मुलूख तिकोणा पेठ हाय. माझ्या सासऱ्याची, त्याच्या बापाची कबर तितं हाय. पोरीचं मधलं नाव मी लिवलं. आपल्याकडं लिवत्यात तसं लिवलं. चुकलं माझं. पण खोटं न्हाई लिवलं मी. चुकलं असं लिवून आणा, आत्ता सही करते.”

मॅडम म्हणाल्या, “अगं, चिडतेस काय? मी तुझ्याच भल्याचं सांगतेय. मूल तर मिळेल.”

“मॅडम, पोरगी म्हंजे कोंबडी न्हाई, ही न्हाई तर ती.”

माझा आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली गेला होता की मलाच परका वाटला. मी दिलावरच्या हातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं, फाइल उचलली, त्याचं मनगट धरलं आणि त्याला मागच्या अंगणात नेलं. पिण्याच्या पाण्याचा नळ सोडला. त्याचे हात त्याच्याखाली धरले आणि मी स्वतः चोळून धुतले, नखांच्या आतपर्यंत. स्वयंपाकाची बाई बघत होती. पातेल्यावर झाकण ठेवून ती आत गेली. मी पदरानं त्याचे हात पुसले, आणि आम्ही पुढच्या फाटकानं बाहेर पडलो. आलो होतो मागच्या दारानं.

यात कुणी मला वाघीण वगैरे म्हणू नये. रस्त्यावर आल्यावर मी दोनदा मागं वळून बघितलं, कुणी हाक मारतंय का म्हणून. दिलावर वलवणच्या धरणाच्या भिंतीजवळ बसला आणि हमसून रडला. म्हणाला, “आगं, दुसरं तरी मिळालं आस्तं. तू त्येबी घालवलंस.” त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. आजही कुणाच्या अंगणात लहान पोर दिसलं की तो माझ्याकडं बघतो. ते मूल मी घालवलं. मी घालवलं हे मला ठाऊक आहे.

आबा म्हणाले, “सही करायची व्हतीस पोरी. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.”

“धरले की आबा,” मी म्हणाले. “गाढवानं लाथ घातली, मग सोडले.”

आबा हसले नाहीत. म्हणाले, “मीच न्हेलं तुमाला तितं.” त्यांनी त्या बंगल्यावर तांदूळ पोचवायचं बंद केलं. मी काही सांगितलं नव्हतं.

यूसुफबद्दल मी पुष्कळ विचार केला. त्याला मी कधी बघितलं नाही. दिलावरच्या फोनमधे एक फोटो आहे, हातात लाल फडकं, डोळे उन्हानं बारीक केलेले. हालिमाचं कपाळ त्याचंच. त्या माणसाकडं जगात एवढी एकच वस्तू उरली होती, पोरीच्या नावामागचं आपलं नाव, आणि मी ती पुसली. मायेनं पुसली, पण पुसली. साहेबांनी आमचं गाव, आमची बोली पुसली ती माजानं. दोन्ही सारखं असं मी म्हणणार नाही, कुणी म्हणू पण नये. पण नाव पुसलं की कसं लागतं ते मला त्या व्हरांड्यात कळलं. अंगणवाडीत इतकी वर्षं नावं लिहून कळलं नव्हतं.

वडगावला एका वकीलबाईंकडं गेलो. तरुण आहेत, तोंडावर खरं बोलतात. होईलच असं सांगत नाही म्हणाल्या. तिथला हुकूम पालकत्वाचा, तर इथंही पालक म्हणून मागा. इथल्या कोर्टात जाऊ, ते मानतंय का बघू. तिथल्या कोर्टाची परवानगी परत मागावी लागेल. वर्षं जातील. आणि एक ध्यानात ठेवा, म्हणाल्या, कुठल्याही कागदावर आई लिहायचं नाही. दत्तक लिहायचं नाही. मुलगी सुद्धा लिहायचं नाही.

मी अर्ज लिहायला बसले. मुलीचं नाव, हालिमा. बापाचं नाव, यूसुफ. ते लिहिताना हात अडला नाही. उलट जरा हलकं वाटलं. मग अर्जदाराशी नातं. तिथं मात्र पेन टेकून नुसती बसून राहिले. शेवटी लिहिलं, पालक. लिहिलं आणि रडले. दिलावर बाहेर होता, तो आत आला, वाचलं, आणि माझ्या सहीच्या खाली त्यानं आपली सही केली.

सांभाळणारी बाई कधीमधी फोन लावून देते. चोरून देते, तिचंही मोठेपण आहे. परवा हालिमा दिसली. उंच झालीय. मी म्हणाले, हालिमा, ये. ती बाईच्या ओढणीमागं गेली. पाणी म्हणून बघितलं, भात म्हणून बघितलं. तिच्या तोंडावर काहीच हललं नाही. माझे शब्द गेले तिच्यातनं. मला ओळखतही नसेल ती आता.

तर नसू दे. तिला आठवतंय म्हणून मी लढत नाही. एक दिवस ती मोठी होईल आणि विचारील, मला कुणी नेतो म्हणून आलं होतं, ती माणसं कुठं गेली? तेव्हा तिच्यापुढं माझ्या सहीचा तो कागद ठेवायला कुणाला मिळणार नाही, की बघ, यांनीच लिहून दिलंय, हक्क नाही म्हणून. त्या साहेबांनी माझ्या नावापुढं शेरा मारलाय. मारू दे. हा अर्ज फेटाळला तर मी दुसरा करीन, दुसरा फेटाळला तर तिसरा. दर वेळी यूसुफचं नाव लिहीन, आणि दर वेळी आईच्या जागी पालक लिहीन. पण तिला सोडलं असं कुठल्याच कागदावर लिहिणार नाही.